उपासनेत जमीन सर्वांची राहू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नवापूर-नंदुरबार भागातल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये सध्या एक चर्चा चालू आहे. चर्चमधल्या सतरंज्या गुंडाळून खुर्च्या आणायच्या का? काही ठिकाणी त्या आल्याही आहेत. खुर्च्यांना माझा विरोध नाही. आपल्या जिल्ह्यात तर त्या हव्यातच. इथल्या आदिवासी कुटुंबांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आहे आणि तो सांध्यांत, हाडांत काय कळा आणतो हे ज्याच्या घरी आहे त्यालाच ठाऊक. अशा तरुण पोराला ‘गुडघे टेक’ म्हणणे निर्दयपणाचे आहे. म्हाताऱ्या माणसांचे तर सांगायलाच नको. पण या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत खुर्च्या लावल्या की ज्याला गुडघे टेकायचे आहेत त्याला जागाच उरत नाही, याचा विचार कमिट्यांनी करावा म्हणून हे पत्र.

गुडघ्यांवरून कुणाची नम्रता मोजू नये, असे आमचे अनेक बंधू म्हणतात. ते मला पूर्ण मान्य आहे. लूकच्या शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायात मंदिरात प्रार्थनेला गेलेल्या दोघांचा दाखला आहे. त्यातला धर्मनिष्ठ म्हणवणारा परूशी उभा होता आणि पापी समजला जाणारा जकातदारही उभाच होता. इ. स. ३२५च्या निकिया येथील बिशपांच्या परिषदेने तर रविवारी आणि पेंटेकॉस्टच्या दिवसांत (ईस्टरनंतरच्या पन्नास दिवसांत) उभे राहूनच प्रार्थना करावी असा नियम घालून दिला, कारण ते दिवस पुनरुत्थानाच्या आनंदाचे. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत आजही लोक बराच वेळ उभे राहून उपासना करतात. पण त्याच जकातदाराकडे नीट पाहा. तो दूर उभा राहतो, डोळे वर करायला धजत नाही, ऊर बडवतो. त्याचे पाप तोंडाबरोबर त्याचे सगळे शरीर कबूल करते. गेथशेमाने बागेत प्रभू येशूने गुडघे टेकले असे लूक लिहितो, तर तो पालथा पडला असे मत्तय लिहितो. मिलेत येथे इफिसच्या मंडळीच्या वडीलजनांचा निरोप घेताना प्रेषित पौलाने त्या सर्वांबरोबर गुडघे टेकून प्रार्थना केली. राजाखेरीज कुणाकडेही प्रार्थना करू नये असा बंदीहुकूम निघाल्यावरही दानिएल संदेष्टा दिवसातून तीन वेळा गुडघे टेकत राहिला. ही माणसे मनातल्या मनात नम्र राहू शकली असती. त्यांना तेवढे पुरले नाही.

‘गुडघे टेकणे कॅथलिकांचे, जमिनीवर बसणे हिंदूंचे’ अशी एक कुजबुजही कानावर येते. जमिनीवर बसणे, चपला बाहेर काढणे, हात जोडून वाकणे ही आपल्या घराची रीत आहे, ती कुणा एका धर्माची नाही. जळत्या झुडपापुढे मोशेलाही पायतण काढायला सांगितले होतेच. १९६९ साली भारतातल्या कॅथलिक बिशपांनी रोमची संमती घेऊन उपासनेत जमिनीवर बसणे, पादत्राणे काढणे, अंजली जोडून वाकणे आणि पंचांग प्रणाम (गुडघे, हात आणि कपाळ जमिनीला टेकवून केलेला नमस्कार) यांना वाट मोकळी केली. प्रॉटेस्टंटांत रेव्हरंड ना. वा. टिळकांनी त्याच्याही कितीतरी आधी भजन-कीर्तन उपासनेत आणले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खानदेशात स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे लोक आले, तेव्हापासून आमची खेड्यापाड्यांतली मावची, भिल्ल माणसे वचन ऐकत आली ती जमिनीवर बसूनच. याची लाज वाटण्याचे काहीही कारण नाही.

मला खरी चिंता वेगळीच आहे. आपल्याकडचे मेळावे पाहा. स्टेजवर सोफा, त्यावर पाहुणे आणि पुढारी. खाली पुढच्या दोन रांगा गादीच्या खुर्च्यांच्या, त्यावर नोकरदार मंडळी. त्यांच्या मागे सतरंजीवर, आणि सतरंजी संपली की मातीवर, कापूस वेचून आलेल्या बाया आणि ऊसतोडीला जाणारी कुटुंबे. बायबलमध्ये याकोबाने आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात नेमके हेच लिहिले आहे. सोन्याची अंगठी घातलेला सभेत आला की त्याला चांगली जागा, आणि दरिद्र्याला ‘तू तिथे उभा राहा, नाहीतर माझ्या पायाशी बस’. अशी निवड करणाऱ्यांना तो दुष्ट विचारांचे न्यायाधीश म्हणतो. ज्या प्रभूने दासाचे रूप घेतले, कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले, त्याच्यावरचा उपदेश सोफ्यावरून उठून द्यायचा आणि परत सोफ्यावर जाऊन बसायचे, हे मला पाहवत नाही. सतरंजीने एक मोठे काम केले होते. तिच्यावर मास्तर, मजूर, डॉक्टर, सालदार एका उंचीवर यायचे. खुर्च्या आल्या तरी ते टिकवता येईल, पण त्यासाठी कुणीतरी आग्रह धरायला हवा.

नाताळ आणि त्यानंतरच्या मेळाव्यांची तयारी आता सुरू होईल. मंडप बांधतानाच वेदीपुढची दहा-बारा फूट जागा मोकळी सोडा आणि तिथे सतरंजी अंथरा. ज्याला टेकायचे त्याने टेकावे, ज्याला जमत नाही त्याने खुर्चीवर बसून डोके लववावे, आणि कुणी कुणाकडे वळून बघू नये. खुर्च्या आजारी आणि वृद्धांना आधी द्या, पदावरच्यांना नंतर. पापकबुलीच्या प्रार्थनेला पाळकांनी आणि पाहुण्यांनी स्टेजवरून खाली येऊन लोकांमध्येच गुडघे टेकावेत. सोफा भाड्याने आणायचा खर्च वाचेल, त्यात आणखी दोन सतरंज्या येतील.

– एक वाचक, नवापूर (जि. नंदुरबार)