पिशवीतल्या दुधातलं ड

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

तुझा ड जीवनसत्त्वाचा रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाहिला. ‘पुण्यात १८ होतं, इथे ४५ झालं’ म्हणून तू खूश आहेस, पण जरा थांब. आपल्याकडची लॅब नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर लिहिते आणि कॅनडातली नॅनोमोल प्रति लिटर. पहिल्याला अडीचने गुणलं की दुसरं येतं. १८ ची अडीचपट ४५! होतीस तिथेच आहेस, आणि तिकडच्या मापात ५० च्या खाली म्हणजे कमीच धरतात.

‘पण बाबा, दूध घेते ना मी’ असं तू म्हणशीलच. माझी सगळी नोकरी दूध संघात गेली, म्हणून याच मुद्द्यावर लिहितो. संकलन केंद्रावर आम्ही फॅट लावायचो, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) पाहायचो आणि त्यावर शेतकऱ्याचा दर निघायचा. ड जीवनसत्त्वाचा तिथे विषयच नसायचा, कारण मुळात ते दुधात नावापुरतंच असतं. सात फॅटची म्हैस असो नाहीतर गीर गाय, धारोष्ण पी नाहीतर आटवून पी. दुधात भरपूर असतं ते कॅल्शियम. ते आतड्यातून नीट शोषलं जायला ड लागतं. लोकांनी दोन्हीची एकच मोट बांधून टाकली आहे. दुधात ड सापडतं ते डेअरीत मिसळलेलं असतं म्हणून.

किती मिसळतात, यातच सगळी गोम आहे. भारतात २०१८ च्या नियमांप्रमाणे लिटरला ५ ते ७.५ मायक्रोग्रॅम, तेही ऐच्छिक. पिशवीवर निळं ‘प्लस एफ’ चिन्ह असेल तरच. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ४० युनिट. म्हणजे आपल्या २०० मिलिच्या पेल्यातून ४० ते ६० युनिट मिळणार, आणि दिवसाची गरज ६०० ची. कॅनडात मिसळणं सक्तीचं आहे आणि प्रमाण अलीकडेच दुप्पट केलंय, १०० मिलिला २ मायक्रोग्रॅम. म्हणजे २५० मिलिच्या कपात २०० युनिट. फॅट काढलेलं घेतलंस तरी ड कमी होत नाही. (ऑन्टारिओतही दूध पिशवीतच मिळतं हे ऐकून तुझ्या आईला उगाचच बरं वाटलं.)

मग तुझं कमी का? तुझं दूध म्हणजे चहातलं. दोन्ही वेळचं मिळून अर्धा कपही भरत नसेल. बाकी सगळं दुकानातलं पनीर, चीज आणि दही. सक्ती पिण्याच्या दुधाला आहे. चीज-पनीर बहुतेक ड न घातलेल्या दुधाचं असतं, ते या हिशेबात धरूच नकोस. दह्यात काही कंपन्या ड घालतात, काही नाही, डब्यामागे वाचावं लागतं. त्यापेक्षा त्या पिशवीतल्या दुधाला घरीच विरजण लाव. तापवल्याने ड फारसं जात नाही, दह्यातही टिकतं. रात्री एक कप दूध आणि जेवणात वाटीभर दही एवढं केलंस तरी निम्मी गरज भागेल. ओटचं दूध घेणार असशील तर लेबल वाच आणि पिशवी-डबा हलवून ओत, मिसळलेलं तळाशी बसतं.

उन्हाचं म्हणशील तर टोरंटोत साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी ऊन पडलं तरी त्यातून कातडीत ड तयार होत नाही, सूर्य इतका खाली असतो. खिडकीच्या काचेतून तर उन्हाळ्यातही नाही. आपल्या सावळ्या रंगाला ऊन जास्तच लागतं. तेव्हा उरलेल्या निम्म्यासाठी डॉक्टरांना विचारून रोजची छोटी गोळी घे.

आईने कोणाच्या तरी हाती ६०,००० युनिटच्या पुड्या धाडल्या आहेत. त्या आठवड्याला एक अशा, आणि डॉक्टर लिहून देतील तेवढेच आठवडे घ्यायच्या असतात. रोज दुधात टाकून पिणारे मी पाहिले आहेत. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय दिवसाला ४,००० च्या वर जायचं नसतं. जास्तीचं ड लघवीवाटे निघून जात नाही, साठतं आणि रक्तातलं कॅल्शियम वाढवतं. डॉक्टरांना दाखवल्याशिवाय एकही पुडी फोडू नकोस. आईला मी सांगतो.

त्याच पार्सलात नाचणी सत्त्वाचा डबा आहे. त्यात कॅल्शियम आहे, ड नाही. पाण्यात नको, दुधात शिजव. गुठळ्या होऊ नयेत म्हणून आधी थंड दुधात कालवून घे.

तुझे,
बाबा