फोटोतली अळी भलतीच!

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला, मका खाणाऱ्या अमेरिकन लष्करी अळीवरचा लेख वाचला. मजकुराचे नंतर, आधी छायाचित्राचे बोलू. जाळीदार शिरांच्या रुंद पानावर अंगभर केस असलेली अळी ऐटीत बसली आहे. मक्याला अशी पाने कधीपासून फुटू लागली? आणि लष्करी अळीच्या अंगावर केसांचे एवढे रान तुमच्या छायाचित्रकाराला कुठे सापडले?

डोक्यावरच्या उलट्या 'वाय'चा उल्लेख लेखात आहे, त्याबद्दल आभार. पण शेपटाजवळ चौकोनात बसलेले चार ठळक काळे ठिपके ही त्याहून सोपी खूण, ती गाळली. रंगावर मात्र अख्खा परिच्छेद! ही अळी हिरवट असते, तपकिरी असते, जवळजवळ काळीही असते. रंगावरून ओळखायला ती काय साडी आहे?

एवढे चिडून लिहितो, कारण या रंगापायी माझा मका गेला. गेल्या हंगामात कोवळ्या पानांवर कागदासारखे पांढरट पापुद्रे दिसू लागले. अळीचा फोटो काढून सल्ला देणाऱ्या साहेबांना पाठवला. उत्तर आले, 'हिरवट दिसते, अमेरिकन नव्हे, आपली नेहमीची लष्करी अळी आहे, थोडे थांबा.' डोके आणि शेपूट जवळून दाखवा, असे त्यांनी एका शब्दाने विचारले नाही. थांबलो. तोवर अळ्या पोंग्यात, म्हणजे रोपाच्या मधल्या कोवळ्या पानांच्या गुंडाळीत, शिरल्या आणि वर ओल्या भुशासारख्या विष्ठेचे बूच बसले. मग फवारलेले औषध खाली उतरणार कसे? त्यातून ही अळी सर्वात जास्त खाते ती शेवटच्या अवस्थेत. साहेबांना पुन्हा फोटो पाठवला, तेव्हा म्हणाले, 'आता उशीर झाला.' ते मलाही दिसत होते.

२०१६ मध्ये आफ्रिकेत आणि २०१८ मध्ये भारतात पोहोचलेली ही कीड. पतंग एका रात्रीत शंभर किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो म्हणतात. अशा पाहुण्यासाठी तुमच्या लेखात सल्ला काय, तर 'कामगंध सापळे लावावेत.' लावले, पुढे? मादीच्या गंधाची नक्कल करून ओढणाऱ्या या सापळ्यांत फक्त नर येतात, शिवाय दुसऱ्याच जातीचे पतंगही येऊन पडतात; ते वेगळे काढून मोजायचे कुणी? ल्यूर, म्हणजे सापळ्यातली गंधाची गोळी, वेळच्या वेळी बदलायची असते, हेही सांगितलेले नाही. रोजचा आकडा तारखेसह कुठे लिहिला जात नसेल, तर सापळा म्हणजे बांधावरची शोभा. तुम्ही सोन्याचे भाव रोज छापता, हंगामात सापळ्यांतल्या पतंगांचे आकडे आठवड्यातून एकदा छापायला काय हरकत आहे?

हिरवळ राखणाऱ्यांनी 'निर्धास्त राहावे' हे वाक्यही कुणाच्या भरवशावर लिहिले? अमेरिकेत हीच अळी हिरवळीचा फडशा पाडते. शंका आली तर गवतावर साबणाचे पाणी ओतून बघावे, लपलेल्या अळ्या वर येतात. एवढी एक ओळ पुरली असती.

योग्य छायाचित्र पुढच्या अंकात द्यावे, आणि तेही डोक्याचे व शेपटाचे, जवळून काढलेले.

जाता जाता : माझ्या मागच्या पत्रात आपण 'कामगंध सापळे'चे 'कामगार सापळे' केले होते. त्याची दुरुस्ती अजून वाचनात आलेली नाही.

आपला,
एक जुना वर्गणीदार