मामा म्हणजे आई!

टांझानियात दोन वर्षं मिशनचं काम करून परवा कोल्हापुरात परतलो. बॅगा अजून तशाच आहेत. पण आधी आभार, ज्यांची नावं विचारायची राहून गेली त्यांचे.

पहिला मान दलादलाच्या कंडक्टरचा. दलादला म्हणजे तिकडचं वडाप, तसंच खच्चून भरलेलं. स्टॉप आला तशी सवयीनं हाक गेली, "ओ मामा, थांबवा!" स्वाहिलीत मामा म्हणजे आई. चांगला मिशीवाला गडी, चपापलाच. सावरायला म्हणून "दादा, दादा" केलं. दादा म्हणजे बहीण! अख्खी गाडी हसून लोळायची बाकी. मागच्या सीटवरच्या आजींनी हात धरून समजावलं, भावाला काका म्हणायचं. उतरताना माझं भाडंही त्यांनीच दिलं.

दुसऱ्या, चर्च झाडणाऱ्या बाई. प्रार्थनेला 'सा म्बिली', म्हणजे दोन वाजता बोलावलेलं. मी दुपारी दोनला हजर. तिथं तास सूर्योदयापासून मोजतात, त्यांचे दोन म्हणजे सकाळचे ८! बाईंनी काही न बोलता उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा उकडलेला घट्ट गोळा, आणि पालेभाजी वाढली. हसल्या त्या मी जेवून हात धुतल्यावर.

१८५२ साली अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर इथं कोल्हापुरात मिशन काढायला आले, तेव्हा त्यांच्या मराठीनं आपल्या पेठांची काय करमणूक झाली असेल, कोण जाणे.

कंडक्टर काका, असांते साना, म्हणजे खूप खूप आभार. आणि आजी, तुमचं भाडं माझ्याकडं बाकी आहे.