मंत्रीसाहेब, ही चमकणारी पावडर बाटलीतून बाहेर काढा

मा. विज्ञानमंत्री साहेब, सप्रेम नमस्कार,

माझ्या टेबलावर एक छोटी काचेची बाटली आहे, त्यात पाण्यात ढवळलेली चिमूटभर पिवळसर पावडर. यूव्ही टॉर्च मारला की हिरवीगार चमकते, आणि पिक्रिक ॲसिडचा एक थेंब पडला की चमक झपकन उतरते. पिक्रिक ॲसिड म्हणजे स्फोटक, पाण्यात गेलं की विषारी. शेकडो वेळा बघितलंय, तरी अजून दर वेळी अंगावर काटा येतो.

हे पोरस ऑरगॅनिक पॉलिमर. मुख्यतः कार्बनची जाळी, आत डोळ्याला न दिसणारी असंख्य भोकं. 2009 मधल्या पीएएफ-1 नावाच्या अशाच पावडरीच्या एका ग्रॅममध्ये आतला पृष्ठभाग 5600 चौरस मीटर भरला होता, म्हणजे एकरभराहून जास्त! प्रकाश पडला की जाळीतले इलेक्ट्रॉन उसळतात, पिक्रिक ॲसिड ते ओढून घेतं आणि उजेड विझतो. त्याच भोकांत अमीन, म्हणजे नायट्रोजनवाले रासायनिक गट, बसवले की कार्बन डायऑक्साइड अडकतो. आज कारखान्याच्या चिमणीतला हा गॅस पकडायला अमीनचं पाणी वापरतात आणि तो परत सोडवायला ते सगळं पाणी तापवत बसावं लागतं, एनर्जी तिथेच जाते. पावडरीत तो खर्च बराच वाचतो. 2024 मध्ये सीओएफ-999 नावाच्या अशाच अमीनवाल्या पावडरीने अमेरिकेतल्या बर्कलीच्या उघड्या हवेत गॅस पकडण्या-सोडण्याच्या 100 फेऱ्या काढल्या, क्षमता घटली नाही.

मग अडलंय कुठे? आम्ही लोक बनवतो मिलिग्रॅममध्ये, बऱ्याचदा पॅलेडियम हा महागडा धातू वापरून, आणि टेस्ट करतो कोरड्या शुद्ध गॅसवर. खऱ्या चिमणीत वाफ असते, सल्फर डायऑक्साइड असतो, राख असते. सेन्सरचंही तेच, स्वच्छ पाण्यात काम फत्ते पण सांडपाण्यात लोखंडाचे आयनसुद्धा चमक विझवतात, मग अलार्म खरा की खोटा कसं ओळखायचं? एकदा आम्ही हेच तपासायला पैसे मागितले तर उत्तर आलं, यात नवीन काय. साहेब, नवीन काही नाहीच, पण हे केल्याशिवाय बाटलीतलं बाटलीतच राहणार.

म्हणून कळकळीची विनंती, नव्या पावडरींना पैसे देता तसे जुन्या चांगल्या पावडरी किलोने बनवायलाही द्या. आणि एक सामायिक टेस्ट सेंटर उभं करा, जिथे कुणीही आपलं मटेरियल आणून ओल्या, घाणेरड्या गॅसवर हजार फेऱ्या चालवून बघेल आणि फेल झालं तरी निकाल सगळ्यांना दिसेल. पहिली बाटली मी घेऊन येते.

आपली,
एक पॉलिमर संशोधक