चिंगीचं नसबंदीचं ऑपरेशन, दिवाळीआधी की नंतर?

इंदूर,
28 सप्टेंबर

प्रिय शुभे,

आमच्या कुत्रीला, चिंगीला, दूध आलंय. इथे कुणालाही सांगितलं की "अगंबाई, पिल्लं कधी?" एवढंच ऐकायला मिळतं, म्हणून तुला लिहितेय. पिल्लं नाहीत. कंपाउंडची भिंत पाच फुटांची, शेजारचा कुत्रा शेरू उडतो जेमतेम चार, आणि पाळीच्या त्या तीन आठवड्यांत ती साखळीशिवाय फाटकाबाहेर गेलेली नाही. तरी सोनोग्राफी करून घेतली. पोट रिकामं आहे. हे खोटं गरोदरपण, तुझ्या राणीसारखं.

बाकी आम्ही ठीक. यांची शुगर आहे तिथेच आहे, माझा गुडघाही.

19 जुलैला पहिला लाल थेंब दिसला. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यानंतर रक्त थांबलं, सूज उतरली, शेरूने नाक लावलं की गुरगुरायला लागली. म्हणजे पाळी संपली. लगेच गल्लीच्या टोकाचे डॉक्टर म्हणाले, "थांबलंय ना? मग पुढच्या गुरुवारी आणा, उरकून टाकू." उरकून टाकू! अगदी तुझा शब्द. राणीला तू असंच आठवड्याभरात उरकलं होतंस, आणि मग ती कित्येक महिने तो निळा मोजा तोंडात धरून पलंगाखाली बसायची. तू अजूनही म्हणतेस की तिचा स्वभावच तसा होता. शुभे, स्वभाव नव्हता गं तो.

बाहेरून पाळी संपते तेव्हा आत ती संपलेली नसते. त्यानंतर साधारण दोन महिने प्रोजेस्टेरॉन, म्हणजे गर्भ टिकवणारं हार्मोन, वर चढलेलं असतं, नर जवळ आला असो वा नसो. कुत्रीच्या शरीराला गाभण आणि रिकामी यातला फरक फारसा कळत नाही. दोन महिन्यांनी ते उतरतं, तसं दूध आणणारं प्रोलॅक्टिन वर येतं, आणि काही जणींना दूध येतं, त्या चादर खरवडून घरटं करतात, बाहुल्या चाटतात. ऐन या चढत्या काळात बीजकोश काढले तर प्रोजेस्टेरॉन हळूहळू न उतरता एकदम कोसळतं आणि प्रोलॅक्टिन उसळी मारतं. वर बीजकोशच नसल्यामुळे पुढचं चक्र येऊन ते मोडत नाही. मग ती अवस्था महिनोन्‌महिने रेंगाळू शकते. राणीचा मोजा तो हा.

आणि ऐन पाळीत तर नकोच. तेव्हा गर्भाशय फुगलेलं, नसा जाड, मांस इतकं नाजूक की बांधलेला दोरा त्यातून कापत जातो. शिकलेला हात असेल तर तेही निभावतं, पण रक्तस्रावाचा धोका मुद्दाम कशाला ओढवून घ्यायचा?

हे म्हणतात, "महापालिकेची गाडी भटक्या कुत्र्यांना कधीही उचलते, तिथे कोण पंचांग बघतं?" खरंय. पण तिथे तीच कुत्री तीन महिन्यांनी पुन्हा जाळ्यात सापडेल याची खात्री नसते. भटक्या कुत्र्यांसाठीचे केंद्राचे 2023 चे नियमही पकडा, ऑपरेशन करा, लस द्या, त्याच जागी सोडा असेच आहेत. आपली तर सोफ्यावर झोपलेली असते. तिला वाट बघायची सोय आहे, तर बघू.

किती, यावर सगळं अडलंय. पाळी सुरू झाल्यापासून साधारण तीन महिने, असा ठोकताळा आहे. मोजलं तर नेमकी दिवाळी येते. इंदुरात दिवाळीच्या आठवड्यात टाके घातलेली कुत्री! सुतळी बॉम्ब फुटला की ही पलंगाखाली घुसते, पोट फरशीवर घासत. कातडीचे टाके उसवले तर दिसतात तरी. आतला पोटाच्या भिंतीचा टाका सुटला तर आतडं बाहेर येऊ शकतं. म्हणून दिवाळी बाद.

आता त्यात हे दूध. अंगात दूध असताना कापायचं नाही, कॅलेंडर काहीही म्हणो. एक तर वर सांगितलं ते, आणि दुसरं म्हणजे दुधाने फुगलेल्या ग्रंथी चिरेच्या दोन्ही बाजूंना असतात. त्यातून रक्त आणि दूध जखमेत झिरपतं. बहुतेकींचं दोन-तीन आठवड्यांत आपोआप आटतं, फक्त सडांना हात लावायचा नाही. सासूबाई प्रेमाने कोमट पाण्याचं फडकं लावायला निघाल्या होत्या. शेकलं, दाबलं, पिळून पाहिलं की शरीराला वाटतं पिणारं कुणी आहे, आणि दूध वाढतं. ती स्वतः चाटते त्यानेही तेच, म्हणून गळ्यात तोंड पोचू न देणारा कोन घातलाय. बाहुल्या झोपेत काढून घेतल्या, ओढून नाही, कारण एरवी गरीब असलेली कुत्रीही या दिवसांत चावते. फिरायला जास्त नेते.

नाहीच आटलं तर कॅबरगोलिन, प्रोलॅक्टिन खाली आणणारी गोळी. किलोमागे 5 मायक्रोग्रॅम, दिवसातून एकदा, पाच ते सात दिवस. चिंगी 25 किलोची, म्हणजे 125 मायक्रोग्रॅम, माणसांच्या अर्ध्या मिलिग्रॅमच्या गोळीचा पाव तुकडा. खाण्यानंतर द्यायची, कारण उलटी होते. आणि उलटी झाली म्हणून घरातलं उलटीचं औषध मेटोक्लोप्रमाइड द्यायचं नाही, ते नेमकं प्रोलॅक्टिन वाढवतं. गाभण कुत्रीला हे दिलं तर गर्भ पडतो, सोनोग्राफीचा हट्ट म्हणूनही होता. गोळी संपली, दूध आटलं, की तिथून पुढे आणखी काही आठवडे जाऊ द्यायचे. गोळी बंद झाल्यावर दूध परत येणाऱ्याही असतात.

आता माझी खरी काळजी. थांबायला मला भीती नाही वाटत, थांबण्याच्या काळाची वाटते. हेच दोन-तीन महिने गर्भाशयात पू होण्याचे असतात. प्रोजेस्टेरॉनने आतलं अस्तर जाड झालेलं, तोंड मिटलेलं, आणि पाळीत तोंड उघडं असताना आत गेलेले जंतू तिथेच अडकलेले. दीड वर्षाच्या कुत्रीत हे कमी होतं, मला माहीत आहे. वयाबरोबर वाढतं. स्वीडनच्या विमा नोंदींवरून काढलेला हिशेब आहे की ऑपरेशन न झालेल्या साधारण एक चतुर्थांश कुत्र्यांना दहा वर्षांच्या आत असा पू, म्हणजे पायोमेट्रा, होतो. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. म्हणून रोज पाणी मोजून ठेवते. किलोमागे 100 मिली, म्हणजे हिच्यासाठी दिवसाला अडीच लिटर, त्यापुढे गेली तर डॉक्टरकडे. शिवाय सुस्ती, अन्न सोडणं, उलट्या, सारखी शू, खालून पू. पू दिसला तर एका अर्थी नशीब, वाट तरी मोकळी आहे. तोंड मिटलेलं असेल तर बाहेर काहीच दिसत नाही आणि कुत्री आतल्या आत विषारते. तसं झालं तर दूध, दिवाळी, तीन महिने, सगळं गुंडाळून त्याच दिवशी टेबलावर.

तू म्हणशील, मग पहिल्या पाळीच्या आधीच का नाही केलं? हा आपला जुना वाद, तोही फोनवर, STD चे पैसे जात असताना! तुझे ते आकडे मला पाठ आहेत: 1969 चा अमेरिकन अभ्यास, स्तनाच्या गाठींचा धोका पहिल्या पाळीआधी केलं तर अर्धा टक्का, एका पाळीनंतर 8, दोन पाळ्यांनंतर 26. म्हणजे ऑपरेशन न झालेल्या कुत्रीच्या धोक्याच्या तुलनेत, शंभरातल्या सव्वीस जणींना गाठ होते असं नव्हे. हे तू दर वेळी विसरतेस. आणि 2012 मध्ये हे सगळे अभ्यास पुन्हा तपासले तेव्हा पुरावा कच्चा निघाला. खोटा नाही, कच्चा. उलट बाजूला मोठ्या जातींमध्ये वर्षाच्या आत ऑपरेशन केलं तर सांध्यांची दुखणी वाढतात असं दिसलंय, आणि झोपेत लघवी गळण्याचा त्रासही मोठ्या अंगाच्या माद्यांना जास्त. लॅब्राडॉर आहे ही, पॉमेरेनियन असती तर मी तुझं ऐकलं असतं. कदाचित.

तर माझा हिशेब असा. पहिली पाळी जानेवारीत, दुसरी जुलैत, म्हणजे पुढची परत जानेवारीच्या आसपास. दूध ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत आटेल असं धरते. मग नोव्हेंबरचा दुसरा-तिसरा आठवडा. शरीर शांत, फटाके संपलेले, थंडीची सुरुवात, आणि पुढच्या पाळीला दीड-दोन महिने बाकी. डिसेंबरवर ढकलायचं नाही, काही जणी लवकर येतात. शंका वाटली तर आधी प्रोजेस्टेरॉन तपासायचं, मिलिलिटरमागे एक नॅनोग्रॅमच्या खाली असलं की निश्चिंत.

रक्त मात्र नक्की तपासणार, आणि त्यात प्लेटलेट. पावसाळ्यात गोचिड्या झाल्या होत्या. गोचीड ताप अंगात दबून राहतो, कुत्री खाते-पिते, खेळते, आणि प्लेटलेट एक लाखाच्या खाली असतात. ते टेबलावर कळलं तर उशीर झालेला असतो. किडनी-लिव्हरही बघतील. आदल्या रात्री दहानंतर खाणं बंद, पाणी सकाळपर्यंत.

महूच्या व्हेटरनरी कॉलेजात न्यायचं की शहरातच, ते अजून ठरत नाही. जिथे जाईन तिथे विचारणार: सलाइनची सुई शेवटपर्यंत राहणार का, भूल दिल्यावर नजर कोण ठेवणार, घरी कधी सोडणार. आणि काढलेले दोन्ही बीजकोश मला दाखवा म्हणणार. हसू नकोस. उजवा खोल असतो, त्याचा तुकडा आत राहिला तर कुत्री पुन्हा पाळीवर येते आणि सगळं मुसळ केरात. नंतर दहा ते चौदा दिवस कोन, जिना बंद, आंघोळ बंद, शू-शीला फक्त साखळीवर. दुखण्याला डॉक्टर देतील तेच. यांच्या डब्यातलं क्रोसिन किंवा ब्रुफेन चुकूनही नाही. टाके निघाले की जेवण पाव हिश्शाने कमी, कारण लॅब्राडॉरला भूक ऑपरेशनआधीही पोटभर असते.

तुझं काय? गरबा चालू असेल, पाय सांभाळ. भाऊजींची बदली रद्द झाली का? काकूंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का? चिन्मयीचं लग्न डिसेंबरात कधी ते नक्की कळव, कारण नोव्हेंबरच्या 20 नंतर ऑपरेशन गेलं तर मी पहिले दोन आठवडे घर सोडणार नाही आणि तू आयुष्यभर ऐकवशील.

तुझी,
मंगल

ता. क. राणीचा तो बंदांचा अंगरखा अजून असेल तर छातीचं माप कळव. चिंगीची छाती 74 सेंटिमीटर आहे. बसत नसेल तर यांचा जुना बनियन कापते.