साहेब हसले आणि माझी पंचाईत झाली

प्रिय पश्या,

दिवाळीपासून तुला एक ओळ लिहिली नाही, शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत ठीक, बीपीची गोळी चालू, आईचा गुडघा तसाच. आता मुद्द्याचं.

आमच्याकडे एमडी येऊन गेले. चाकणला मोठा साहेब येणार म्हणजे काय असतं ते तुला माहितीय, रंगरंगोटी, भाड्याच्या कुंड्या, फिरायचा रस्तासुद्धा ठरलेला, आणि आमच्या साहेबांची ताकीद की विचारलं तरच बोला आणि बोललात तर सगळं छान म्हणा. क्वालिटीवाला तर वॉशरूमच्या आरशासमोर 'सर, वुई आर व्हेरी पॅशनेट' घोकत होता. एमडी त्याच्यासमोरून नुसती मान हलवत पुढे आले आणि माझ्या प्रेसजवळ थांबून माझ्या बुटाकडे बघायला लागले. सेफ्टी शूच्या टोकाला पिवळा रंग! म्हणाले, "लाइन आज ही मारी क्या?" मी म्हटलं, "कल रात को, सर." मागे सगळे गार. आणि हा माणूस हसला की रे! मग विचारलं, यहां सबसे ज्यादा टाइम कहां जाता है?

एका दमात सांगितलं, डाय, म्हणजे प्रेसमधला साचा, बदलायला अडीच तास जातात, त्यातला तासभर नुसती क्रेनची वाट. क्या चाहिए? म्हटलं क्रेन नको, डायच्या दोन ट्रॉल्या द्या, प्रेस चालू असतानाच पुढची डाय शेजारी आणून ठेवतो. झालं. दीड मिनिट असेल नसेल. त्या जपानी इंजिनियर शिंगोची गोष्ट अगदी जिभेवर आली होती, 1969 ला टोयोटात 1000 टनाच्या प्रेसचा डाय चेंज चार तासांवरून दीड तासावर आणला आणि नंतर तीन मिनिटांवर, पण गिळली. एवढ्या मोठ्या माणसाला उभ्या उभ्या आकडा आणि काय हवंय तेवढंच सांगावं. तू असतास तर जपानपासून सुरू केलं असतंस, कॅम्पसला केलंस तसं, आणि माझा नंबर आला तेव्हा पॅनेल जेवायला उठलं. ते मी अजून विसरलेलो नाही भावा.

जाता जाता म्हणाले, एक पेज में लिखके मुझे भेजो. इथेच घोळ झाला.

संध्याकाळी आमच्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, बस पण म्हटलं नाही. "मला आधी सांगता आलं असतं ना?" अरे, हेच ट्रॉलीचं गणपतीच्या आधी ह्यांना मेल केलंय, मीटिंगमध्ये बोललोय, तेव्हा बजेट नव्हतं! आता थेट एमडींना पाठवलं तर माझी रजा, इन्क्रिमेंट सगळं ह्यांच्याच सहीवर, ह्यांच्यामार्फत पाठवलं तर त्यात माझं एक वाक्य तरी उरेल का, आणि नाहीच पाठवलं तर एमडी म्हणणार हा नुसता बोलायला शूर. ते वर्षातून एकदा येणार, हे रोज समोर. नाना म्हणतो पहिल्या ओळीत 'साहेबांच्या मार्गदर्शनाखाली' टाक. कसलं डोंबलाचं मार्गदर्शन!

सध्या असं ठरवलंय की पान आधी साहेबांच्या टेबलावर ठेवायचं, दोन दिवस थांबायचं, मग त्यांना सीसीत ठेवून पाठवायचं. वर त्यांचं नाव टाकायचं का, तेवढंच अडलंय. बाब्याच्या वेळी तूही असंच काहीतरी केलं होतंस आणि शेवटी मॅनेजर बाब्या झाला, म्हणून तुलाच विचारतोय.

फ्लॅटचा ताबा मिळाला का? पिंकीची दहावी ना यंदा, तिला फार पिडू नकोस. वहिनींना सांग लोणचं पोचलं, बरणी नंतर देतो.

पान सोबत जोडलंय, लाल पेनने काय फाडायचं ते फाड, फक्त जपान घुसडू नकोस. गुरुवारच्या आत कळव, शुक्रवारपासून साहेब रजेवर आहेत.

तुझा,
संज्या