आपला तो आत्मविश्वास, दुसऱ्याचा तो माज?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकन धावपटू नोहा लाइल्सवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. शर्यतीआधी उड्या मारतो, मीच जिंकणार म्हणतो, म्हणून हा ‘नार्सिसिस्ट’, म्हणजे स्वतःच्याच प्रेमात बुडालेला, असा निकाल लेखकाने बसल्या जागी देऊन टाकला आहे. मी क्रीडाशिक्षिका होते. पुण्याच्या सणस मैदानावर अंतिम रेषेपाशी स्टॉपवॉच धरून बरीच वर्षं उभी राहिले आहे, म्हणून हे पत्र.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटरच्या अंतिम शर्यतीत लाइल्स सुटतानाच मागे पडला होता. शेवटी निकाल फोटोवर गेला : लाइल्स ९.७८४, जमैकाचा किशेन थॉम्पसन ९.७८९. पण बोर्डावर नाव लागायच्या आधी हा बढाईखोर थॉम्पसनपाशी गेला आणि ‘बहुतेक तूच मारलीस’ असं म्हणाला. लेखात याचा उल्लेखही नाही.

टोकियोत २०२१ साली आपल्या नीरज चोप्राने ८७.५८ मीटरची फेक केली, तेव्हा भाला हवेत असतानाच त्याने पाठ फिरवून हात वर केले होते. आपण टाळ्या वाजवल्या. त्याच महिन्यात इथल्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमधल्या स्टेडियमला त्याचं नाव दिलं गेलं, आणि ते योग्यच झालं. मग आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं का? शिवाय स्वतःविषयी बरं मत असणं हा निदान पुण्यात तरी गुन्हा धरू नये.

आमच्या शाळेत पर्वती पायथ्याची एक मुलगी होती. हीट, म्हणजे प्राथमिक फेरी, सुरू व्हायच्या आधीच टेबलाशी येऊन सांगायची, “बाई, माझं नाव आत्ताच लिहून ठेवा, मग घाई होते.” इतर पालक चिडायचे, ‘फार चढलीय’ म्हणायचे. एका स्पर्धेत दुसऱ्या शाळेच्या मुलीच्या स्पाइक्सचा, म्हणजे धावायच्या खिळ्यांच्या बुटांचा, तळ ऐन वेळी उचकटला. आमचं हे आगाऊ पात्र नुकतंच धावून आलं होतं. तिने धापा टाकत खाली बसून स्वतःचे स्पाइक्स काढले, त्या मुलीच्या पायात चढवले, नाड्याही बांधून दिल्या. फायनलला दोघी समोरासमोर येणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि खालमानेने वावरणारा, सर्वांचा लाडका एक रिलेवाला होता. बॅटन पडलं की चूक कायम पुढच्याची. त्याला कुणी कधी गर्विष्ठ म्हटलं नाही.

राहिलं निदान. नार्सिसिस्टिक पर्सनॅलिटी डिसऑर्डर या मानसिक विकाराचे निकष नऊ आहेत. त्यांतले किमान पाच लागतात आणि दुसऱ्याच्या भावनांची कदर नसणं हा त्यांतला एक. स्वतः न तपासलेल्या प्रसिद्ध व्यक्तीचं निदान जाहीरपणे करू नये, हा अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेचा नियम १९७३ पासूनचा आहे. डॉक्टरांना जे वर्ज्य, ते स्तंभलेखकाला कसं चालतं?

लाइल्सचा कान धरायचाच, तर मी दुसरीकडे धरीन. त्याच ऑलिंपिकमध्ये कोविड झाल्याचं कळूनही तो २०० मीटर धावला आणि ब्राँझ घेतलं. नियमाने मनाई नव्हती, हे कबूल. पण शेजारच्या लेनमधल्यांना ते आधी सांगायला नको होतं का? लेखकाने हा प्रश्न विचारला असता, तर मी हे पत्र लिहिलंच नसतं.

— एक निवृत्त क्रीडाशिक्षिका, सहकारनगर, पुणे